कलाकारांसाठी समुपदेशन: कोणती पद्धत कुणाच्या कामाची

‘क्रिएटिव्ह लोकांसाठी खास थेरपी’ ही पाटी हल्ली पुण्या-मुंबईत दिसते, मोबाइलवर तर रोजच. पाटीच्या आत गेलं की मिळतं ते बहुतेक ठिकाणी नेहमीचंच असतं: विचार तपासायची एखादी पद्धत, भीतीला पायरीपायरीने सामोरं जाणं, मन मोकळं करणं. यात फसवणूक आहे असं नाही. गायिकेची धडधड आणि ऑफिसात चार साहेबांसमोर प्रेझेंटेशन देणाऱ्याची धडधड शरीराच्या लेखी सारखीच. पण तयार कुर्ता घेतला तरी बाह्या आपल्या मापाच्या करून घ्याव्या लागतात. कलाकाराचं माप म्हणजे त्याचं काम: रियाज, तालमी, प्रयोग, डेडलाइन, थकलेलं मानधन. ज्या समुपदेशकाला यातलं काहीच विचारावंसं वाटत नाही, त्याच्याकडे बाह्या लोंबणारच, पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

म्हणून इथे केंद्रांना तारे दिलेले नाहीत. पद्धती तपासल्या आहेत. आधी पद्धत कळली की माणूस शोधणं सोपं जातं.

पहिल्याच भेटीत बरंच कळतं. साधारण पन्नास मिनिटं असतात. त्यात हे प्रश्न यायला हवेत: दिवसातले किती तास काम करता आणि कोणत्या वेळी? शेवटचं काम पुरं केलं ते कोणतं, कधी? पुढची तारीख काय आहे? पैसे कधी येतात? प्रयोग संपल्यावर झोप किती वाजता लागते? दारू, गांजा, झोपेची गोळी? मनगट, खांदा, घसा, कंबर यातलं काही दुखतं का? याऐवजी ‘लहानपणापासूनच तुम्ही हळवे होता का’ यावरच अर्धा तास गेला, तर समोरच्याच्या डोक्यात कलाकाराचं एक कॅलेंडरवरचं चित्र आहे असं समजा. पैशाचा प्रश्न तर हमखास राहून जातो. मालिकांच्या धंद्यात काम केल्यावर नव्वद दिवसांनी पैसे मिळणं ही सर्रास रीत आहे. एप्रिलमध्ये आलेली उदासी जानेवारीच्या न मिळालेल्या चेकची असू शकते, आणि चेकचं दुखणं आईच्या आठवणी उकरून बरं होत नाही.

स्टेजची भीती

या बाजारातला सगळ्यात खात्रीचा माल हाच. भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याची पद्धत, जिला सगळे एक्स्पोजर म्हणतात, ती नीट केली तर काही आठवड्यांत फरक दिसतो. नीट करणं मात्र दुर्मीळ.

शास्त्रीय गायिकेचं उदाहरण घेऊ. आधी भीतीची शिडी करायची. प्रत्येक पायरीला शून्य ते शंभर आकडा द्यायचा. एकटीने खोलीत गाऊन फोनवर रेकॉर्ड करणं आणि पुसून न टाकता पूर्ण ऐकणं: ३०. गाण्यातलं काही न कळणारी मैत्रीण समोर: ४०. तीन माणसं, त्यातलं एक जाणकार: ५५. कुणाच्या तरी हॉलमध्ये पंधरा जणांची घरगुती बैठक, तबला-पेटीसकट: ७०. तेच माइक लावून, अनोळखी तबलजीबरोबर: ८०. ज्यांच्याकडे शिकली त्या गुरुजींसमोर: ९५. हे आकडे प्रत्येकाचे वेगळे असतात. अनेकांना हजार माणसांचं सभागृह चालतं आणि पहिल्या रांगेतले दोन बुजुर्ग चालत नाहीत. म्हणून छापील शिडी हातात देणारा समुपदेशक तिथेच नापास.

पूर्वी सांगत, एका पायरीवर आकडा निम्म्यावर येईपर्यंत थांबा. आता भर वेगळ्या गोष्टीवर आहे: जाण्याआधी भाकीत लिहून काढायचं आणि आल्यावर ते तपासायचं. ‘मध्यसप्तकाच्या वर आवाज फाटेल, लोक मोबाइल काढतील, तिहाई चुकेल.’ मग बैठकीनंतर रेकॉर्डिंग ऐकून खूण करायची: आवाज फाटला? एकदा, तार षड्जावर. लोकांनी मोबाइल काढले? एकाने, फोटोसाठी. तिहाई? आली. धडधड तेवढीच राहिली तरी हरकत नाही. धडधड असतानाही गाणं होतं हे शरीराला समजणं, कमाई ती एवढीच. एका पायरीवर दोन-तीनदा जायचं, दर वेळी एखादी गोष्ट बदलून: जागा, वेळ, साथीदार, राग.

बिघडतं कुठे? पहिलं म्हणजे कुबड्या. पाठ असलेल्या बंदिशीची वही समोर ठेवणं, पूर्णवेळ डोळे मिटून गाणं, दर दोन मिनिटांनी थर्मासचं गरम पाणी, नाटकवाल्यांच्यात एन्ट्रीच्या आधीचा ‘अर्धाच’ पेग. या कुबड्या काढल्या नाहीत तर माणूस दहा बैठका करतो आणि श्रेय थर्मासला देतो. समुपदेशकाने कुबड्यांची वेगळी यादी करून घेतली का, हे बघा. दुसरं, घाईत मधली पायरी गाळणं: दोन मैत्रिणींसमोर जमलं म्हणून थेट महोत्सव. तिथे फजिती झाली की माणूस सहा महिने मागे जातो.

तिसरी चूक जास्त सूक्ष्म आहे आणि चांगल्या समुपदेशकांकडूनही होते. सगळ्यांना देतात तसा श्वासाचा व्यायाम गायकाला, बासरीवाल्याला, शहनाईवाल्याला ऐन मंचावर करायला सांगणं. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, पाच मिनिटं: ग्रीनरूममध्ये उत्तम. मंचावर मात्र ज्याचा श्वास हेच वाद्य आहे त्याने श्वासाकडे लक्ष दिलं की वर्षानुवर्षं आपोआप होणारी गोष्ट हाताने करायला जातो आणि अडखळतो. तबलजीने बोटांकडे बघू नये तसंच हे. लक्ष द्यायचं तर समेकडे, शब्दाकडे, समोरच्या पात्राच्या डोळ्यांकडे. शांत होण्याचा हट्ट सोडला तरी चालतं: ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ‘मी शांत आहे’ म्हणण्यापेक्षा ‘मी उत्साहात आहे’ असं म्हणून घेणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली, आणि त्यातला एक प्रयोग गाण्याचाच होता. आपल्याकडचे जुने नट विंगेत ‘अंगात येतंय’ म्हणायचे, ते काही अडाणीपणाने नव्हे.

गोळीबद्दलही याच ठिकाणी. प्रोप्रानोलोल हे हृदयाचे ठोके आणि हाताची थरथर कमी करणारं औषध वादकांमध्ये जगभर चालतं. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या सिम्फनी वाद्यवृंदांच्या २,२१२ वादकांच्या पाहणीत २७ टक्क्यांनी अशी औषधं घेतल्याचं सांगितलं होतं. काम करतं, पण थरथरीवर. ‘लोक काय म्हणतील’ यावर नाही. दमा असलेल्याने याच्या वाटेला जायचं नाही. आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तरी पहिली गोळी कार्यक्रमाच्या दिवशी घेऊ नये, तालमीच्या दिवशी घ्यावी. नाडी फार मंदावते का, चक्कर येते का, लय आळसावल्यासारखी वाटते का, ते तिथे कळतं. सहवादकाच्या पाकिटातली उधार गोळी हा प्रकार बंदच करा.

एक इशारा, कारण यात माणसांची वर्षं जातात. वाद्य हातात घेतल्यावरच बोटं आत वळतात किंवा उचलत नाहीत, दुखत मात्र नाही, आणि पोळी लाटताना किंवा टाइप करताना तोच हात व्यवस्थित चालतो: हे लक्षण स्टेजच्या भीतीचं नाही. फोकल डिस्टोनिया, म्हणजे एका ठरावीक कामापुरतेच स्नायू ताब्यात न राहण्याचा विकार, असू शकतो आणि त्याची जागा न्यूरॉलॉजिस्टकडे. तसंच दोन-तीन आठवडे बसलेला आवाज आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवायचा, स्वरयंत्र दुर्बिणीतून बघून घ्यायचं, मग मनाकडे वळायचं. हे न विचारता ‘आवाज म्हणजे दडपलेली अभिव्यक्ती’ असं सांगणाऱ्याची फी बुडीत खात्यात धरा.

‘च’ची पद्धत

महाराष्ट्रात सहज मिळणारी आणि मराठीत उत्तम रुळलेली पद्धत म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार, म्हणजे आरईबीटी. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये ती मांडायला सुरुवात केली. कि. मो. फडके यांचा एलिस यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार होता, त्यांनी ती मराठीत आणली, शिकवली. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थमुळे तिचा पसारा आणखी वाढला. त्यामुळे या पद्धतीचं गृहपाठाचं साहित्य मराठीत मिळतं, उदाहरणं इथली असतात, आणि समुपदेशकाला ‘इरॅशनल बिलीफ’ म्हणत अडखळावं लागत नाही.

पद्धत सोपी दिसते. एक घटना, तिच्याबद्दलची समजूत, त्यातून आलेला परिणाम. मग समजुतीला उलटतपासणी, आणि तिच्या जागी टिकेल अशी दुसरी समजूत. नटाच्या कागदावर ते असं उतरतं. घटना: परीक्षणात दोन ओळी, ‘अन्य भूमिकांत इतरांनी साथ दिली’. परिणाम: तीन दिवस फोन बंद, पुढच्या प्रयोगात दोन वाक्यं गिळली. मधली समजूत काय? बहुतेक जण लिहितात, ‘वाईट वाटलं.’ ती समजूत नाही, तो परिणाम. खोदल्यावर निघतं: ‘माझी दखल घेतलीच पाहिजे. नाही घेतली तर मी बोगसच.’

मराठीचं इथे एक वरदान आहे. इंग्रजीत शोधावा लागणारा दुराग्रह मराठीत एका अक्षरात सापडतो: च. घेतलीच पाहिजे, रंगलाच पाहिजे, मी असाच. लिहिलेल्या कागदावरच्या प्रत्येक ‘च’ला गोल करायचा आणि विचारायचं: हा कुणी ठरवला? परीक्षणाला जागा किती शब्दांची होती? दखल न घेतलेल्या माणसाचं काम वाईट असतंच का? शेवटी हाती येणारं वाक्य गोडगोड नसावं. ‘मी ग्रेट आहे’ हे चौथ्या दिवशी विटतं. ‘दखल घेतली असती तर मला फार आवडलं असतं, नाही घेतली हे झोंबलं, शनिवारी प्रयोग आहे’ हे टिकतं.

आता या पद्धतीची खोट. उत्साही समुपदेशक दिसेल तो ‘च’ खोडतो. ‘हा कोमल ऋषभ तिथेच लागला पाहिजे’ यातला ‘च’ हा आजार नाही, तो कसब आहे. ‘परफेक्शनिझम सोडा’ असं ऐकून गायक, सुलेखनकार, संपादक, हे लोक दुसऱ्या सेशनला येत नाहीत, आणि त्यांचं बरोबर असतं. रेषा ओढायची ती कामाबद्दलच्या आग्रहात आणि स्वतःच्या किमतीबद्दलच्या आग्रहात. ऋषभ तिथेच लागला पाहिजे: राहू द्या. नाही लागला तर मी गायला बसायच्या लायकीचा नाही: हे वाक्य खोडून टाका. समुपदेशकाने दोन्ही वाक्यं दोन वेगळ्या रकान्यांत लिहून घेतली, तर माणूस जाणता आहे.

दुसरी खोट गंभीर. गुरू, दिग्दर्शक किंवा निर्माता यांच्याकडून होणारा त्रास, विशेषतः लैंगिक त्रास, हा ‘समजुतीचा’ प्रश्न नव्हे. तिथे ‘तुम्ही याकडे वेगळ्या नजरेने बघू शकता का’ असं विचारणाऱ्याकडून उठून यावं. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी माणसांच्या कामाच्या ठिकाणासाठीही जिल्ह्याची स्थानिक समिती असते. ही माहिती समुपदेशकाला असायला हवी.

मूड आला की काम, की काम केलं की मूड

काम थांबलेल्यांसाठी, म्हणजे चार महिने कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून उभा आहे अशांसाठी, सगळ्यात कमी खर्चात जास्त देणारी पद्धत गोव्यात तपासून निघाली आहे. १९९६ पासून काम करणाऱ्या ‘संगाथ’ संस्थेने गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यासाठी एक छोटा कार्यक्रम चालवला: सहा ते आठ भेटी, दर आठवड्याला एक, प्रत्येक तीस ते चाळीस मिनिटांची, आणि त्या घेणारे मानसशास्त्राची पदवी नसलेले, पण प्रशिक्षण आणि देखरेख असलेले स्थानिक लोक. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले: नेहमीच्या उपचारांना या भेटींची जोड मिळाली तेव्हा नैराश्य जास्त जणांचं उतरलं. गाभा एवढाच, की मन सुधारायची वाट न बघता छोट्या, ठरलेल्या कृती सुरू करायच्या आणि कोणत्या कृतीनंतर मन किती हललं याची नोंद ठेवायची. हा कार्यक्रम कलाकारांसाठी केलेला नाही. पण ‘मूड आल्याशिवाय मी करत नाही’ या आपल्या लाडक्या श्रद्धेवर तो नेमकं बोट ठेवतो.

कलाकारासाठी माप असं घ्यायचं. आठवड्याचा तक्ता, तासातासाचा. पहिला आठवडा काही बदलायचं नाही, फक्त भरायचा: काय केलं, मन दहापैकी किती. दुसऱ्या आठवड्यात एक कृती, पंधरा मिनिटांची, आणि ती निर्मितीची नव्हे, तिच्या दारापर्यंतची. कॅनव्हासला गेसो, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, लावणं. तानपुरा जुळवणं आणि नुसता षड्ज धरणं. जुन्या संहितेचं एक पान हाताने उतरवणं. पंधरा मिनिटं झाली की उठायचं, रंगात आलात तरी उठायचं, म्हणजे उद्या परत बसावंसं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वीस ते पंचवीस मिनिटं, त्यात खरं काम. आणि सोबत कलेशी काडीचा संबंध नसलेली एक गोष्ट: पर्वतीच्या पायऱ्या, भाचीला सायकल शिकवणं, मासळीबाजार. ज्याचा सगळा डोलारा एकाच खांबावर उभा आहे त्याला दुसरा खांब लागतो.

चुकतं ते ‘रोज दोन तास लिहा’ इथे. दुसऱ्या दिवशी बेत मोडतो, आणि मोडलेला बेत नैराश्याला पुरावा म्हणून सापडतो. तक्ता आठवड्याच्या शेवटी आठवून भरणं ही दुसरी चूक. उदास माणसाला आठवडा सगळाच काळा आठवतो.

लेखकांच्या अडण्याला ‘रायटर्स ब्लॉक’ हे नाव एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने १९४७ च्या सुमारास दिलं आणि त्याची मुळं त्याने बालपणात शोधली. पुढे रॉबर्ट बॉइस यांनी अडलेल्या लेखकांवर प्रयोग केले, तेव्हा दिसलं की ठरावीक वेळी, थोडा वेळ, बांधून घेतल्यासारखं लिहिणाऱ्यांची पानंच नव्हे तर सुचणाऱ्या कल्पनाही वाढल्या. जुलै-ऑगस्टमध्ये दिवाळी अंकाची कथा अडकलेल्याने कोणत्या दाराशी जायचं, हे उघड आहे. एक मात्र तपासून घ्या. काही वेळा लेखक अडलेला नसतो, कथाच फसलेली असते: कथेत अडचण आहे आणि हात ती ओळखून थांबलाय. समुपदेशकाने ‘नेमकं कुठल्या पानावर थांबलात’ असं विचारलं, तर हे दोन मिनिटांत उलगडतं. त्याचा उपाय चांगला संपादक.

मनातलं लिहून काढायचा व्यायामही लेखकांना सर्रास दिला जातो. जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ च्या मूळ प्रयोगात तो ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, असा होता. लेखकाने करायचा तर एकच अट: हे पान छापायचं नाही, सुधारायचं नाही, शक्यतो ज्या वहीत वा लॅपटॉपवर काम करता तिथे लिहायचं नाही. नाहीतर दुसऱ्या परिच्छेदापासून वाक्य घोटणं सुरू होतं.

कलोपचार म्हणजे कलाकारांचा उपचार नव्हे

हा घोटाळा रोज होतो. आर्ट थेरपी, हे नाव १९४२ मध्ये ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी रूढ केलं, ही चित्र-मातीच्या माध्यमातून सगळ्यांसाठीची पद्धत आहे, आणि तिची खरी ताकद शब्द न सापडणाऱ्या माणसाला उपयोगी पडण्यात आहे. चित्रकाराला कागद-रंग दिले की तो चित्र काढतो. म्हणजे रचना बघतो, आकृतीभोवतीची रिकामी जागा बघतो, समोरच्याला काय वाटेल ते बघतो. तासाभराने हाती येतं ते बरं चित्र. मन जिथल्या तिथे.

उपाय साधा आहे: माध्यम बदला. चित्रकाराला हालचाल, नर्तकीला माती, गायकाला कोलाज, लेखकाला शब्द सोडून काहीही. जिथे त्याचा हात नवशिका आहे तिथे तो खरं काही करतो. हे समुपदेशकाने आपणहून सुचवलं तर पुढची चार सेशन घ्यायला हरकत नाही. वीकेंडच्या ‘हीलिंग थ्रू आर्ट’ कार्यशाळा वेगळ्या. चहा चांगला असतो, माणसं भेटतात, रविवार बरा जातो. त्याला उपचार म्हणायची गरज नाही.

लांबचा पल्ला: मनोविश्लेषणाच्या अंगाने जाणारी थेरपी. आठवड्याला एकदा, वर्ष-दोन वर्षं. प्रीमियर तीन आठवड्यांवर आली असताना ही सुरू करू नये. प्रत्येक यशानंतर हटकून कोसळणं, प्रत्येक दिग्दर्शकाशी तिसऱ्या तालमीत तेच भांडण, अशा परत परत येणाऱ्या गोष्टींसाठी मात्र हिला तोड नाही. धोका एक: समुपदेशक तुमच्या कलाकृतीचा अर्थ लावू लागतो. ‘ही काळी आकृती म्हणजे वडील का?’ खुद्द फ्रॉइड यात घसरले होते. १९१० मध्ये लिओनार्दो दा विंचीच्या बालपणीच्या एका आठवणीवर त्यांनी मोठा इमला उभारला. आठवणीतला पक्षी घार होता, जर्मन भाषांतरात गिधाड झालं होतं, आणि इमला गिधाडावर उभा होता. तुमचं चित्र टेबलावर ठेवून त्यावरून तुमचं निदान करणाऱ्याला हे आठवण करून द्यायला हरकत नाही.

औषध घेतलं तर कला जाईल का

बायपोलर आजार असलेल्यांचा हा पहिला प्रश्न, आणि ‘नाही हो, काही होत नाही’ हे उत्तर अपुरं. मोगेन्स शाऊ यांनी १९७९ मध्ये लिथियम हे या आजारावरचं औषध घेणाऱ्या २४ कलावंतांना विचारलं: १२ जणांनी काम वाढल्याचं सांगितलं, ६ जणांनी फरक नाही म्हटलं, ६ जणांनी कमी झाल्याचं. पाहणी लहान आहे, पण उत्तर प्रामाणिक आहे. वाढलं ते बहुधा आजाराचे मोठे झटके टळल्यामुळे. उन्मादात सुचलेलं सगळं उतरवायला वर्ष लागतं आणि त्यातलं निम्मं टाकावं लागतं.

बारीक तपशील मात्र समुपदेशकाने डॉक्टरांपर्यंत पोचवायला हवा. लिथियमने हाताला सूक्ष्म थरथर येऊ शकते. अकाउंटंटला ती चालून जाईल, व्हायोलिनवाल्याला किंवा बारीक कुंचल्याने काम करणाऱ्याला नाही. डोस किंवा वेळ बदलून, कधी जोडीला दुसरं औषध देऊन ती कमी करता येते. पण ‘मी व्हायोलिन वाजवतो’ हे केसपेपरवर लिहिलेलं असलं तर. रक्तातली पातळी रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी तपासतात, म्हणजे आदल्या रात्री प्रयोग असेल तर गोळीची वेळ लक्षात घेऊनच सकाळी लॅबमध्ये जा. भर उन्हात शूटिंग, घाम, कमी पाणी आणि अंगदुखीवर परस्पर घेतलेली आयब्युप्रोफेन, यांनी लिथियमची पातळी धोकादायक चढू शकते. गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत, हे सांगायला नकोच.

फी, पाटी, वेळ

खासगी सेशनला पुण्या-मुंबईत साधारण हजार ते अडीच हजार रुपये, पंचेचाळीस ते साठ मिनिटांचे. बारा सेशनचं पॅकेज सवलतीत मिळतं म्हणून घेऊ नका. चार घ्या, आणि पहिल्याच दिवशी ठरवा की चौथ्याला काय मोजायचं: ‘बरं वाटतं का’ हे नको, ‘महिन्यात किती दिवस कामाला बसलो’, ‘शिडीची कितवी पायरी’ हे. सरकारी आणि महापालिका रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपरच्या किरकोळ पैशांत डॉक्टर भेटतात. वेळ कमी मिळतो, पण औषधांचा प्रश्न असेल तर तिथेच जाणं शहाणपणाचं.

पाटीवर काय बघायचं? औषध लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकॅट्रिस्ट, तो एमबीबीएसनंतर पुढे शिकलेला डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाकडे असते. नोंदणी क्रमांक मागा, सांगायला कुणी लाजत नाही. नुसत्या ‘काउन्सेलर’ला मात्र बराच काळ असा परवाना नव्हताच, म्हणून तिथे शिक्षण, कुणाच्या देखरेखीखाली काम करतात आणि कोणती पद्धत वापरतात, हे विचारावं लागतं. ‘मी सगळ्या पद्धती मिक्स करते’ या उत्तरावर पुढचा प्रश्न: माझ्या बाबतीत पहिल्या चार सेशनला कोणती?

गोपनीयता इथे जास्त महत्त्वाची, कारण मराठी नाटक-मालिकांचं जग म्हणजे एक मोठा वाडा. तुमचा दिग्दर्शक त्याच समुपदेशकाकडे जात असू शकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलेला आहे, तरी पहिल्याच दिवशी थेट विचारा: माझ्या युनिटमधलं कुणी तुमच्याकडे येत असेल तर तुम्ही काय करता? नाव न सांगता ‘दुसऱ्या सहकाऱ्याकडे पाठवीन’ किंवा ‘दोन्ही फायली वेगळ्या ठेवते, वेळा लागोपाठ देत नाही’ असं काही ठोस उत्तर यायला हवं. ग्रुप थेरपी घ्यायची तर आपल्या संस्थेबाहेरच्या माणसांत.

रात्री दीडला, प्रयोग आटपून, मेकअप उतरवून जे रिकामपण येतं त्या वेळी कुणाचंही क्लिनिक उघडं नसतं. त्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून: १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर सकाळची वाट बघू नका, तिथेच फोन लावा. महिनोन्‌महिने चालणारं काम हा तिचा उद्देश नाही. ती त्या रात्रीसाठी आहे.

आणि वेळापत्रक. दर मंगळवारी दुपारी चार, ही समुपदेशनाची चौकट नोकरदारांसाठी घडलेली आहे. तमाशाचा फड दसऱ्याला बाहेर पडतो तो उन्हाळ्यातल्या जत्रा संपेपर्यंत गावोगाव फिरतो. त्यातल्या वगसम्राटाला मंगळवार कोणता हेच ठाऊक नसतं. अशांसाठी पावसाळ्याच्या महिन्यांत आठवड्याला दोनदा बसून काम उरकायचं आणि हंगामात पंधरा दिवसांतून एकदा फोन, अशी बोली आधीच करता येते, फक्त ती मागावी लागते. नाटकवाल्यांना झोपेचा सल्ला देताना ‘सकाळी सहाला उठा’ हे बाद. शनिवार-रविवारचे रात्रीचे प्रयोग धरून झोपेची अख्खी चौकटच पुढे सरकवायची, रात्री अडीच ते सकाळी साडेनऊ, आणि उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवायची. सेटवरून ऑनलाइन सेशन करायचं तर मेकअप रूममध्ये नको, तिथल्या भिंतींना कान आणि आरशांना डोळे असतात. गाडीत बसा, काचा वर, हेडफोन लावा, आणि ड्रायव्हरला पाऊण तास चहाला पाठवा.